शुभवर्तमाने जुळवून वाचावीत की स्वतंत्र? अभ्यासवर्ग घेणाऱ्यांसाठी

सांगली-मिरजेकडच्या मंडळीत येशूच्या पुनरुत्थानाच्या अध्यायांवर अभ्यासवर्ग घ्यायचा असेल, तर कबरेपाशी नेमक्या किती स्त्रिया गेल्या होत्या, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. म्हणून वाचनाची पद्धत आधीच ठरवलेली बरी.

मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार शुभवर्तमानांतील, म्हणजे बायबलमधील येशूच्या चार चरित्रांतील, वृत्तांत जुळवून एकच सलग कथा करण्याची पद्धत फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात तातियान या ख्रिस्ती लेखकाने चार शुभवर्तमानांचे एकच पुस्तक केले आणि सिरियाक भाषिक मंडळ्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. पुढे मात्र त्या मंडळ्याही चार स्वतंत्र पुस्तकांकडेच वळल्या. या पद्धतीला वचनातच (बायबलच्या मजकुरातच) आधार असेल तेथे ती खरोखर उपयोगी पडते. योहान एकट्या मग्दालीया मरीयेचे नाव घेतो, पण तीच पेत्राला सांगताना "आम्हांला ठाऊक नाही" असे म्हणते, त्यामुळे मत्तयाच्या दोन आणि मार्काच्या तीन स्त्रियांशी त्याचा मेळ ओढाताण न करता बसतो.

येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत याच्या मृत्यूपाशी मात्र ही पद्धत तोकडी पडते. मत्तयाच्या 27व्या अध्यायात तो रुपये मंदिरात फेकून गळफास घेतो आणि शेत मुख्य याजक विकत घेतात; लूकचेच मानले जाणारे पुस्तक प्रेषितांची कृत्ये, अध्याय 1 मध्ये तो स्वतःच शेत मिळवतो व तेथे पालथा पडून त्याचे पोट फुटते. दोर तुटून तो खाली पडला असावा, हे नेहमीचे उत्तर, पण तुटलेला दोर दोन्ही ठिकाणी नाही. शिवाय अशा जुळवणीत दोघांचेही मूळ म्हणणे हरवते: निर्दोष रक्ताचा घात केल्याचा यहूदाचा पश्चात्ताप आणि ते पैसे दानकोशात टाकायला कचरणारे याजक मत्तय दाखवतो, तर लूक पेत्राच्या भाषणातून यहूदाच्या रिकाम्या झालेल्या जागेकडे, म्हणजे त्याच्या जागी झालेल्या मत्थियाच्या निवडीकडे नेतो.

स्वतंत्र वाचनातही अडचण आहेच. मार्काप्रमाणे येशूला तिसऱ्या ताशी (सकाळी नऊच्या सुमारास) वधस्तंभावर खिळले, तर योहानाच्या वृत्तांतात सहाव्या ताशीही (दुपारी बाराच्या सुमारास) तो रोमी सुभेदार पिलातासमोरच आहे, आणि हे जुळत नाही असे वर्गात उघडपणे सांगावे लागते. आयुष्यभर श्रद्धेने वचन वाचलेल्या ज्येष्ठांना ते टोचू शकते, म्हणून सांगताना घाई नको. तसेच जुन्या करारात दावीद राजाने केलेल्या शिरगणतीतील न जुळणाऱ्या आकड्यांवर (2 शमुवेल 24 आणि 1 इतिहास 21) फार वेळ घालवू नये. तेथे दाविदाला गणतीस कोणी प्रवृत्त केले, परमेश्वराच्या कोपाने की सैतानाने, हा फरक अधिक विचार करण्याजोगा आहे.

माझ्या मते उपासनेसाठी जुळवणी आणि अभ्यासासाठी स्वतंत्र वाचन हेच योग्य. उत्तम शुक्रवारी आपण वधस्तंभावरील येशूच्या ज्या सात उद्गारांवर मनन करतो, ते कोणत्याही एका शुभवर्तमानात सलग सापडत नाहीत: तीन लूकचे, तीन योहानाचे, एक मत्तय-मार्काचा, तरी त्या उपासनेत काही खटकत नाही. अभ्यासवर्गात मात्र एका बैठकीला एकच शुभवर्तमान घ्यावे आणि चौघांचे वाचून झाल्यावरच उतारे शेजारी ठेवून, वचनात आधार असेल तेवढेच जुळवावे.