चायनाची व्हीएमसी की तैवानची? उद्यमबागेत दोन्ही चालवलेल्या माणसाचं मत

हल्ली आमच्या बेळगावच्या कारखान्यांच्या भागातून, उद्यमबाग, मच्छे, काकतीकडून फोन आला की विषय एकच, तुझ्याकडे दोन्ही आहेत, चायनाची पण आणि तैवानची पण, तर आम्ही नवीन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन, कुठली घ्यावी? प्रत्येकाला तेच सांगून दमलो म्हणून एकदाचं लिहून टाकतो. स्पिंडलचा आरपीएम, टेबल साइझ, रॅपिड हे सगळं कोटेशनमध्ये असतंय, त्यावर मी बोलत नाही. आणि भारतीय का नको असं विचाराल तर टर्निंगला, म्हणजे लेथच्या कामाला, माझ्याकडे बेंगळुरूच्याच मशीन आहेत, तक्रार काही नाही, पण तुमचं इम्पोर्टचं ठरलेलंच आहे असं धरून चालतो.

पहिली गोष्ट, आतून बघितलं तर या दोन मशीन वाटतात तेवढ्या वेगळ्या नसतात. कंट्रोलर, म्हणजे मशीनचा मेंदू, दोन्हीकडे बहुतेक जपानी फानुक किंवा मित्सुबिशी, नाहीतर जर्मन सीमेन्स. तैवानच्या हायविन कंपनीच्या गाइड, म्हणजे टेबल ज्यावर सरकतं त्या पट्ट्या, चायनाच्या मशीनवरसुद्धा दिसतात. आणि तैवानच्या काही कंपन्यांचे कारखाने चायनातच आहेत, त्यामुळे तैवानची म्हणून विकलेली मशीन शांघायहून बोटीत चढलेली असू शकते. म्हणून ॲडव्हान्स द्यायच्या आधी प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर कंट्री ऑफ ओरिजिन काय लिहिलंय आणि लोडिंग पोर्ट कुठलं, ताइचुंग, काओशुंग वगैरे आहे का, ते डोळ्याने बघा, डीलरच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

किमतीत चायना स्वस्त, ते मान्यच करायला पाहिजे. माझ्या वेळी फरक एवढा होता की त्यात एका चांगल्या ऑपरेटरचा दोन-अडीच वर्षांचा पगार निघाला असता. कस्टमच्या बाजूने दोघांत फारसं काही नाही, कारण आपला मुक्त व्यापार करार चायनाशीही नाही आणि तैवानशीही नाही. कोरियाशी २०१० पासून आणि जपानशी २०११ पासून करार लागू आहे, त्यामुळे तिकडची मशीन बघत असाल तर ड्युटीचं सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला, नक्की विचारा. ईपीसीजीवर, म्हणजे एक्स्पोर्ट करणाऱ्यांना मशीनवरची ड्युटी माफ करणाऱ्या सरकारी योजनेत, आणणार असाल तर ड्युटी वाचते, पण वाचलेल्या ड्युटीच्या सहापट एक्स्पोर्ट सहा वर्षांत दाखवायचा असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत टॅरिफ नेला तेव्हा इथे कितीतरी जणांना पहिली आठवण त्या एक्स्पोर्टची हमी म्हणून लिहून दिलेल्या बाँडची झाली. ऑर्डर कमी झाली म्हणून बाँड काय कमी होत नाही.

आता मुद्द्याचं. माझं मत ज्याच्यामुळे एका बाजूला झुकलं ती गोष्ट ॲक्युरसीची नाही, फोनची आहे. हसू नका.

२०२० आठवा. एप्रिलमध्ये सरकारने नियम काढला की जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातून गुंतवणूक यायची असेल तर आधी परवानगी पाहिजे. १५ जूनला गलवान झालं, आपले २० जवान गेले. आणि २९ जूनला ५९ चिनी ॲप बंद झाली. सगळ्यांच्या लक्षात टिकटॉक राहिलं, पण त्याच यादीत वुईचॅट पण होतं, आणि चायनाचा कारखाना म्हणजे सेल्सवाला असो, सर्व्हिसवाला असो, पॅकिंगवाला असो, सगळा कारभार वुईचॅटवर. आपण म्हणणार मग व्हॉट्सॲपवर ये की. तर व्हॉट्सॲप तिकडे बंद.

माझ्या चायनाच्या मशीनचा टूल चेंजर (एटीसी), म्हणजे आपोआप टूल बदलणारा आर्म, अडकला तेव्हा याचा खरा अर्थ कळला. आर्म अर्ध्यात थांबलेला, एक टूल स्पिंडलमधून बाहेर आलेलं, दुसरं मॅगझिनच्या तोंडात, आणि स्क्रीनवर अलार्म. कंट्रोलरवाल्यांचा इंजिनिअर येऊन बघून गेला आणि त्याने बरोबरच सांगितलं, की हा अलार्म आमचा नाही, मशीन बनवणाऱ्याने स्वतःच्या लॅडरमध्ये, म्हणजे मशीनच्या हालचालींच्या प्रोग्राममध्ये, घातलेला आहे, तो कुठल्या सिग्नलसाठी थांबलाय ते तेच सांगतील. म्हणजे व्हिडिओ काढून कारखान्याला दाखवायचा, एवढंच काम. आता दाखवायचा कसा? वुईचॅट इकडे नाही, व्हॉट्सॲप तिकडे नाही, व्हिडिओ मेलला जोडला तर साइझ मोठी म्हणून परत, गुगल ड्राइव्हची लिंक पाठवली तर तिकडे गुगलच उघडत नाही. शेवटी डीलरकडच्या पोराने व्हिडिओचे तुकडे करून, बारीक करून मेल केले. उत्तर दुसऱ्या दिवशी, कारण त्यांचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, आपली जेवणाची सुट्टी होऊन काम परत रुळावर येईपर्यंत त्यांचं ऑफिस बंद. उत्तरात लॅडरचा फोटो आणि त्यावर सगळ्या कॉमेंट चिनी अक्षरात. आमचा जुना फिटर पाना हातात धरूनच म्हणाला, "मालक, भांडण दिल्लीचं आणि बीजिंगचं, आणि आर्म अडकलाय आमचा."

इंजिनिअर पाठवा म्हटलं तर व्हिसाचं गाडं अडकलेलं, त्या काळात चिनी टेक्निशियनला बिझनेस व्हिसा मिळायचे लईच वांधे होते आणि डायरेक्ट विमानं २०२० पासूनच बंद. शेवटी निघालं काय, तर आर्मच्या पोझिशनचा एक प्रॉक्सिमिटी सेन्सर गेलेला. किंमत विचाराल तर सांगायला लाज वाटेल एवढी. पण आठवड्यामागून आठवडे मशीन उभी आणि हप्ता मात्र चालू.

तैवानची मशीन काय बिघडत नाही असं नाही हो. तिचाही टूल क्लॅम्पचा सिग्नल एकदा गेला होता. पण तिकडचे लोक लाइन नावाचं ॲप वापरतात, ते आपल्याकडे चालतंय, आणि व्हॉट्सॲपवरही येतात. व्हिडिओ कॉल लावला, कॅमेरा पॅनेलच्या आत धरला, तो म्हणाला अमुक रिले काढ, परत बसव, आता डायग्नोस्टिकचा हा ॲड्रेस बघ, शून्याचा एक होतोय का? झाला. चहा यायच्या आत मशीन चालू. इन्स्टॉलेशनला त्यांचा इंजिनिअर बेंगळुरूहून सांबऱ्याच्या विमानतळावर उतरून स्वतः आला होता, निघाला शाकाहारी, त्यामुळे आमच्या घरचं जेवण त्याला एकदम जमलं आणि जाताना कुंद्याचे डबे घेऊन गेला.

यातली गंमत बघा. चायनाशी आपले रीतसर राजनैतिक संबंध, दिल्लीत दूतावास, मुंबईत कॉन्सुलेट, सगळं आहे. तैवानला आपण देश म्हणून औपचारिक मान्यताच दिलेली नाही, तिथे दूतावास नाही, १९९५ पासून इंडिया-तैपेई असोसिएशन नावाचं ऑफिस आहे, आणि त्यांचंही इकडे दिल्लीत आणि चेन्नईत आणि २०२४ पासून मुंबईत आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र म्हणून ऑफिस. कागदावर ज्याच्याशी संबंध आहेत त्याचा माणूस येत नव्हता, आणि ज्याच्याशी नाहीत तो बॅग घेऊन दारात.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकाच बाजूचं लिहिलंय. चायनाचं वातावरण बरंच निवळलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये लडाखमधल्या गस्तीचं ठरलं, लगेच कझानला मोदी आणि शी जिनपिंग भेटले, २०२५ च्या ऑगस्टअखेर मोदी तियानजिनला जाऊन आले, ऑक्टोबरमध्ये डायरेक्ट विमानंही परत सुरू झाली. त्यामुळे आज घेणाऱ्याला माझ्याएवढा त्रास होईलच असं मी म्हणणार नाही. पण त्याच २०२५ मध्ये एप्रिलला चायनाने काही रेअर अर्थ धातू आणि त्यांच्या मॅग्नेटच्या एक्स्पोर्टवर लायसन्स लावलं आणि आपल्याकडच्या गाडी बनवणाऱ्यांची पळापळ झाली, सर्व्हो मोटरमध्ये पण मॅग्नेटच असतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जुलैत बातमी होती की फॉक्सकॉनच्या भारतातल्या कारखान्यांतून चिनी इंजिनिअर परत बोलावले. फॉक्सकॉन म्हणजे तैवानची कंपनी बरं का. दार उघडतंय, पण कधी लागेल ते उद्यमबागेत बसून कळत नाही.

तैवानचा धोका वेगळा आणि तो लहान नाही. चायना आणि तैवानच्या मधली सामुद्रधुनी जिथे अरुंद आहे तिथे साधारण १३० किलोमीटर, म्हणजे बेळगाव-कोल्हापूरपेक्षा थोडी जास्त. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैपेईला जाऊन आल्या तेव्हापासून बेटाच्या भोवती चिनी सैन्याचे मोठे सराव होतच आहेत, २०२४ मध्ये तर मे आणि ऑक्टोबर असे दोनदा झाले. उद्या खरंच नाकेबंदी झाली तर ताइचुंगहून साधा सोलेनॉइड पण येणार नाही. मी त्यावर काय केलं, तर मशीनबरोबरच एटीसीचे सेन्सर, क्लॅम्पचे सोलेनॉइड, स्पिंडलमध्ये टूल धरून ठेवणाऱ्या ड्रॉबारच्या डिस्क स्प्रिंगचा सेट मागवून कपाटात ठेवलाय. आणि खरं सांगायचं तर तिकडे तसलं काही पेटलं तर चायनाचा माल तरी कुठे सुखरूप येणार, सगळ्या जगाच्या चिपचं मुख्य दुकानच तैवान आहे.

गलवानबद्दल एक बोलतो. आमच्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, माझ्याच एका ऑपरेटरचे वडील तिथून रिटायर झालेले, त्यामुळे चायनाचं नको म्हणणाऱ्यांचं मन मला कळतंय. पण तेवढ्यावर मशीन ठरवू नका. २०२४-२५ मध्ये चायनाबरोबरची आपली व्यापारी तूट साधारण ९९ अब्ज डॉलर होती, आणि माझ्या टूलच्या कपाटाचा ड्रॉवर उघडला तर निम्मे इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारे तुकडे, तिकडचेच निघतील.

बरं, आपली एक अडचण दोन्हीकडे सारखीच आहे. डीलरचा एरिया राज्यावर असतो. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीत शेड असेल तर पुण्या-कोल्हापूरचा इंजिनिअर येतो, आणि तिथून अर्ध्या तासावर बेळगावात असाल तर तुम्ही बेंगळुरू ऑफिसचे, मग तो रात्रीची बस धरून सकाळी उतरणार. सीमाप्रश्नाचा निकाल सुप्रीम कोर्टात २००४ पासून लागायचाय, तोपर्यंत थांबण्यापेक्षा ऑर्डरमध्येच लिहून घ्या की सर्व्हिस कोल्हापूरहून पाहिजे. मी लिहून घेतलं, डीलर जरा कुरकुरला आणि मग सही केली.

तर माझं म्हणाल तर जॉब साधा असेल, रफिंगचं, म्हणजे जाडजूड कापायचं, काम जास्त असेल, इलेक्ट्रिकल बघणारा घरचा चांगला माणूस असेल आणि डीलरने भारतातच बसलेला इंजिनिअर नावासकट दाखवला, तर चायनाची घ्यायला काही हरकत नाही, माझी आजही दोन शिफ्ट चालते. पण मशीन एकच असेल आणि तिच्यावरच हप्ता आणि डिस्पॅच दोन्ही अवलंबून असतील तर थोडे जास्त पैसे घालून मी तैवानकडे जाईन, पुढच्या मशीनचं कोटेशन तरी तिकडूनच मागवलंय. आणि कुठलीही घेतली तरी लॅडर, पॅरामीटरचा बॅकअप आणि अलार्मची यादी इंग्रजी कॉमेंटसकट पेनड्राइव्हवर हातात पडल्याशिवाय पेमेंटचे शेवटचे दहा टक्के सोडू नका.