मुलाखत: मोकळ्या गप्पा की ठरलेले प्रश्न?

नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्या पॅनेलवर बसायचं ठरलं की पहिला प्रश्न आपल्यालाच पडतो: उमेदवाराशी मोकळ्या गप्पा मारायच्या, की सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारायचे?

गप्पांत माणूस खुलतो आणि आपल्याला तयारी करावी लागत नाही. अडचण अशी की गप्पा रंगतात त्या आपल्यासारख्याच माणसाशी. दोघं एकाच कॉलेजचे निघाले की वीस मिनिटं कुठे गेली कळत नाही, आणि शेवटी वहीत उरतं ते 'चांगला वाटला' एवढंच. कशात चांगला, ते कुणालाच सांगता येत नाही.

ठरलेल्या पद्धतीत प्रश्न तेच, क्रम तोच आणि गुणांचे निकष आधीच लिहिलेले. कोरडं वाटतं खरं. पण मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांचा फेरआढावा घेतला, तेव्हा कामातल्या कामगिरीशी अशा मुलाखतीचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत मेळ) ०.४२ आला, मोकळ्या मुलाखतीचा ०.१९. ०.४२ म्हणजे काही भविष्यवाणी नव्हे. तरी फरक दुपटीहून जास्त आहे. माझं मत अर्थातच ठरलेल्या प्रश्नांच्या बाजूने.

मात्र वाईट प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारला म्हणून तो चांगला होत नाही. 'मधली दोन वर्षं काय करत होतात?' यातून आजारपण, बाळंतपण, घरातल्या म्हाताऱ्यांची सेवा असं सगळं टेबलावर येतं, आणि कामाचं काहीच कळत नाही. त्यापेक्षा 'हे सॉफ्टवेअर शेवटचं कधी आणि कशासाठी वापरलंत?' असं विचारा. 'मुलं लहान आहेत का?' हा प्रश्न तर बहुतेक वेळा बायकांच्याच वाट्याला येतो. काळजी रात्रपाळीची असेल तर तेच विचारा, पुरुषांनाही: 'महिन्यातून दोन रात्रपाळ्या आहेत, जमतील का?'

'स्वतःबद्दल सांगा' हा तसा निरुपद्रवी दिसणारा प्रश्न. पण नेमकं काय सांगायचं, हे ज्याला आधी कुणी शिकवलंय तोच यात पुढे जातो. शब्दशः अर्थ घेणाऱ्या स्वमग्न (ऑटिस्टिक) उमेदवाराची यात फार कुचंबणा होते. त्यापेक्षा असं विचारा: 'एकाच दिवशी दोन कामं अंगावर आली तेव्हा आधी कोणतं उचललंत, आणि का? प्रसंग नोकरीतलाच हवा असं नाही.' हे लांबलचक आहे, पण नवख्यालाही उत्तर देता येतं.

प्रश्न दोन दिवस आधी पाठवावेत का? पाठ केलेली उत्तरं येतील, अशी भीती असते. येतात, पण 'मग पुढे काय झालं?' असं दोनदा विचारलं की पाठांतर संपतं. तोतरं बोलणाऱ्याला, किंवा परक्या भाषेत मुलाखत देणाऱ्याला, त्या दोन दिवसांचा मोठा आधार असतो. झटपट उत्तर देणं हेच काम असेल, जसं तक्रारींचे फोन घेणं, तर प्रश्न लपवण्यापेक्षा एक छोटा नमुना कॉल घ्यायला लावा.

गप्पांची हौस असेलच, तर गुण लिहून झाल्यावर मारा.