कॅलिफोर्निया की फ्लोरिडा: धंद्याच्या कर्जाचा खरा रेट कुठे कळतो

अमेरिकेत दुकान, ट्रकिंग वगैरे चालवणाऱ्यांनी हे बघाच. धंद्याला कर्ज देणाऱ्याने खर्च आधीच लिहून सांगायचा, असा कायदा दोन्ही राज्यांत आहे, तो साधारण ५ लाख डॉलरपर्यंतच्या फायनान्सिंगला लागू, बँकांना दोन्हीकडे सूट, पण फरक एका आकड्यात आहे आणि तोच महाग पडतो.

कॅलिफोर्नियात डिसेंबर २०२२ पासून ऑफर देतानाच एपीआर, म्हणजे वर्षाचा खरा दर, लिहून द्यावा लागतो आणि त्यावर तुमची सही घेतात, मर्चंट कॅश ॲडव्हान्स (म्हणजे आत्ता रोख घ्यायची आणि पुढच्या विक्रीतून कापून फेडायची) असला तरी अंदाजे एपीआर द्यायचाच. फ्लोरिडात १ जानेवारी २०२४ पासून हातात किती येणार, एकूण किती फेडायचे, डॉलरमध्ये खर्च किती हे सांगतात, एपीआर नाही.

आता समजा ५०,००० घेतले आणि ६ महिन्यांत रोज थोडे थोडे कापून ६०,००० फेडले. फ्लोरिडाच्या कागदावर दिसणार खर्च १०,०००, आपण म्हणणार २० टक्के, ठीकाय की! अहो पण मुद्दल रोज परत जातंय ना, म्हणून एपीआर ७० च्या वर जातो.

फ्लोरिडाचा कागद वाचायला सोपा आहे हे मान्य, पण दोन ऑफर, एक ६ महिन्यांची एक १५ ची, शेजारी ठेवून बघायच्या तर मला कॅलिफोर्नियाचाच बरा वाटतो.