लॅपटॉप द्यावा की मार्गदर्शक ताई?

बडोद्यातल्या मराठी मंडळांकडे मुलींच्या शिक्षणासाठी देणगी आली की दोन पर्याय दिसतात: लॅपटॉप वाटायचे, किंवा तोच पैसा वर्षभराच्या मार्गदर्शनाला लावायचा.

लॅपटॉपचा हिशेब सोपा. बिल मिळतं, फोटो निघतो. घरात संगणकच नसेल तर तो हवाच. पण घरात भाऊ असेल तर लॅपटॉप बहुधा त्याच्याच टेबलावर जातो.

मार्गदर्शनाचा खर्च डोळ्यांत भरत नाही: रिक्षाभाडं, समन्वयक बाईंचं मानधन, दांडिया बाजारात एखादी खोली. मात्र खरा फाटा दहावीनंतर फुटतो. गुजरात बोर्डात विज्ञानाला गणिताचा ए गट किंवा जीवशास्त्राचा बी गट निवडावा लागतो, आणि "मुलीला गणित कशाला?" हे तेव्हाच ऐकू येतं. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारी, आपल्यासारखंच मराठी-गुजराती बोलणारी ताई दर पंधरवड्याला भेटली, आईबाबांशीही बोलली, तर मुलीला धीर येतो. हे काम यंत्र करत नाही.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यात मुलीही होत्या. त्याच गावात आज मला मोठा वाटा मार्गदर्शनाला द्यावासा वाटतो. लॅपटॉप थोडे घ्यावेत, मंडळाच्या नावावर ठेवावेत आणि मुलींना वर्षभर वापरायला द्यावेत.