मुलांच्या टू-डी एको तपासणीचे केंद्र : एका आईचा अभिप्राय
माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला रक्ताच्या कर्करोगासाठी डॉक्सोरुबिसिन हे हृदयाला इजा करू शकणारे औषध दिले गेले असल्यामुळे त्याच्या हृदयाची तपासणी आम्ही दोन वर्षांपासून याच केंद्रात करून घेत आहोत. येथे केवळ इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय त्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलते तो आकडा) पाहून 'नॉर्मल' असा शेरा मारला जात नाही, ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट आहे. स्नायूंच्या आकुंचनाचे प्रमाण दाखवणारा स्ट्रेनचा आकडाही मोजला जातो, आणि तो इजेक्शन फ्रॅक्शन घसरण्याआधीच खालावू शकतो. उपचारापूर्वीच्या आकड्याच्या तुलनेत स्ट्रेनमध्ये 15 टक्क्यांहून अधिक घट झाल्यास ती गांभीर्याने घेतली जाते, म्हणूनच दर वेळी त्याच यंत्रावर तपासणी करण्याचा त्यांचा आग्रह मला पटतो. तंत्रज्ञ ताई जेल आधी तळहातावर चोळून कोमट करतात, मुलाला डाव्या कुशीवर वळवतात आणि पडद्यावरचे ठोके त्यालाच मोजायला सांगतात. तो जराही हलत नाही. मात्र पहिल्या अहवालात औषधाची आजवरची एकूण मात्रा नोंदवलेली नव्हती, ती मी मागे लागून लिहून घेतली. ही मात्रा प्रति चौरस मीटर 250 मिलिग्रॅमपर्यंत पोहोचली की धोका बराच वाढतो, त्यामुळे ही नोंद राहून जाणे मला मान्य नाही. हृदयाची इजा उपचार संपल्यानंतर कित्येक वर्षांनीही दिसू शकते, म्हणून पुढची तारीख मी येथेच घेतली आहे.