डेट अ लाइव्ह: सात महिने, अकरा खंड

'हॅरम' हा शब्द ऐकूनच मी ही जपानी कादंबरीमालिका बरीच वर्षं टाळली. एक मुलगा आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या दहा जणी, यात वाचायचं काय? सात महिन्यांपूर्वी पहिला खंड हातात आला आणि आता इंग्रजीतून अकरावा संपलाय. कोशी ताचिबाना यांनी 2011 ते 2020 या काळात जपानीत एकूण 22 खंड लिहिले. चित्रं त्सुनाको यांची आहेत.

'स्पिरिट', म्हणजे अफाट शक्ती असलेली एक मुलगी, या जगात उतरली की 'स्पेसक्वेक' होतो आणि आजूबाजूची वस्ती नाहीशी होते. तीस वर्षांपूर्वी अशा पहिल्या हादऱ्यात युरेशियात 15 कोटी माणसं गेली. सैन्याचं म्हणणं, दिसली की मारा. शिदो इत्सुका या नायकाच्या वाट्याला दुसरा उपाय येतो: तिच्याशी बोलायचं, तिला फिरायला न्यायचं, तिला आपलंसं करायचं. तिचा जीव त्याच्यावर जडला की चुंबनाने तिची शक्ती त्याच्यात बंद होते.

मला गुंतवलं ते यापुढच्या नियमाने. बंद झालेली शक्ती कायमची बंद राहत नाही. ती मुलगी दुखावली, घाबरली, एकटी पडली की शक्ती पुन्हा तिच्याकडे वाहू लागते. त्यामुळे नवी मुलगी आली म्हणून जुनीला कोपऱ्यात बसवण्याची सोय लेखकाने स्वतःलाच ठेवलेली नाही. आठव्या खंडातही योशिनोची भीती आणि तोहकाचा रुसवा यांची दखल घ्यावीच लागते. या प्रकारच्या इतर मालिकांत मला नेमकं हेच सापडलं नव्हतं.

तोहका तर मला फारच आवडली. ती येते तेव्हा तिला नावही नसतं. समोर येणारा प्रत्येक माणूस आपल्याला मारायलाच आलाय, असं ती धरून चालते. शिदो तिला 10 एप्रिलला भेटलेला, म्हणून दहाच्या चित्रलिपीवरून तो तिचं नाव ठेवतो. प्रत्येकीच्या नावात असा एक आकडा आहे: कुरुमीत तीन, योशिनोत चार, मिकूत नऊ. हे मला पाचव्या खंडानंतर कळलं आणि मी सगळी नावं पुन्हा तपासत बसले. तोहका भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाचा पाव पहिल्यांदा खाते, तो प्रसंगही असाच. जगात खाण्यासारखं काही आहे, हेच तिला ठाऊक नसतं.

खटकलं तेही सांगते. शाळकरी मुलींना कमी कपड्यांत दाखवणारे प्रसंग आणि चित्रं मला अजिबात नकोत. ती पानं मी उलटून टाकते. सहावा-सातवा खंड, मिकूचा, मला लांबलेला वाटला.

पण दहावा आणि अकरावा एका शनिवार-रविवारात संपवले. ओरिगामी शिदोच्याच वर्गातली, स्पिरिटना मारणाऱ्या पथकातली. पाच वर्षांपूर्वी एका स्पिरिटने तिचे आईवडील मारलेले असतात. ती त्या स्पिरिटचा शोध घेते आणि तिच्या हाती जे लागतं, ते इथे सांगत नाही. बारावा खंड आणून ठेवलाय, पण तो बाजूला ठेवून मी पहिलाच पुन्हा उघडला. त्यात ओरिगामी मोजकंच बोलते. तेव्हा ती मला नुसती आडमुठी वाटली होती. या वेळी तिच्या प्रत्येक वाक्याशी थांबावं लागलं.