किल्लीचं ‘कोडिंग उडालं’ सांगून ७,२४९ रुपये घेतले, गेला होता फक्त सेल

७,२४९ रुपये. गाडीच्या किल्लीतला बटणाएवढा सेल संपला होता, त्याचे एवढे पैसे माझ्याकडून काढले गेले. तोच सेल पुढे मी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून ४५ रुपयांना आणला आणि घरी बसून पाच मिनिटांत बदलला. लिहायलाही लाज वाटते, पण जळगाव-धुळे पट्ट्यात किल्ली दुरुस्तीच्या नावाने लुटणारे हे लोक अजून फिरताहेत, म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितोय.

मे महिन्यातली लग्नाची तीथ. एरंडोलच्या पुढे हायवेलगत एका लॉन्सवर मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. जेवणं आटोपून निघालो, तर किल्लीचं बटण दाबूनही गाडी उघडेना. आमची गाडी बटण स्टार्टची. दाराला किल्ली लावायला भोक कुठे आहे तेही दिसत नव्हतं. पारा चव्वेचाळीसच्या वर, आईला बीपीचा त्रास, बहिणीचं लेकरू रडून लाल झालेलं. रविवार असल्यामुळे शोरूममध्ये कुणी फोन उचलेना. मोबाइलवर शोधलं तर सगळ्यात वर आमच्या गाडीच्या कंपनीचा लोगो लावलेला नंबर दिसला, खाली ‘अधिकृत की सर्व्हिस’ असं लिहिलेलं. बाई अगदी अदबीने बोलली. बुकिंगचे २९९ रुपये आधी भरा म्हणाली, लिंक पाठवली, मी भरले.

तासाभराने एक पस्तिशीचा माणूस मोटारसायकलवर आला. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग. “काय व्हयनं जिभाऊ?” अशी अहिराणीतच सुरुवात केली. आईला वाकून नमस्कार केला. आपल्याकडचाच पोरगा आहे म्हणून आम्ही सगळे निवांत झालो, आणि त्याला तेच हवं होतं.

आता नीट वाचा. त्याने किल्ली हातात घेतली, कडेचा छोटा खटका दाबला आणि आतून लोखंडी चपटी किल्ली बाहेर काढली. दाराच्या हँडलवरची टोपी सरकवून दार उघडलं. उघडताक्षणी गाडी मोठमोठ्याने हॉर्न वाजवायला लागली. तो म्हणाला, “बघा, गाडी किल्लीला ओळखत नाहीये. कोडिंग उडालं.” मग आत बसून त्याने तीच किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवली, ब्रेक दाबला, बटण दाबलं. गाडी सुरू झाली. हॉर्न बंद.

इथेच सगळं उघडं पडलं होतं. कोडिंग म्हणजे गाडीत असलेली किल्लीची नोंद. ती उडाली असती तर गाडी सुरूच झाली नसती! किल्लीतली ओळखीची चिप सेलवर चालत नाही. किल्ली बटणाला टेकवली की गाडीतल्या कॉइलमधूनच तिला लागेल तेवढी वीज मिळते. सेल लागतो तो लांबून दार उघडायला आणि किल्ली खिशात असताना गाडीला तिचा पत्ता लागायला. म्हणजे किल्ली धडधाकट होती, गाडी धडधाकट होती, आणि त्याचा पुरावा माझ्या नाकासमोर इंजिन होऊन चालू होता. ते आठवलं की अजून रात्री झोप उडते. मी विचारलंसुद्धा, “सुरू तर झाली ना, मग?” त्याच्याकडे उत्तर तयार होतं: “हे टेम्पररी आहे. एकदा बंद केली की परत सुरू होणार नाही. रस्त्यात आईंना घेऊन अडकाल.” आईचं नाव घेतलं की माणूस दुसरं काय करणार? तिथे शिकलेली पंचवीस माणसं उभी होती, माझा मेहुणा तर इंजिनिअर. कुणाच्याही लक्षात आलं नाही. गाडी विकताना कंपनीच्या माणसाने संगीत कसं लावायचं, सनरूफ कसं उघडायचं ते अर्धा तास दाखवलं होतं. किल्लीच्या पोटात किल्ली असते हे दाखवायला त्याला अर्धा मिनिट मिळालं नाही.

पुढे त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला टॅब्लेट जोडला. आम्हाला सांगितलं, सावलीत बसा, वेळ लागेल. आरसी बुकाचा फोटो घेतला, ‘सिस्टिममध्ये टाकावा लागतो’ म्हणून. कोडिंगचे ५,८०० आणि ‘कंपनीच्या ओरिजिनल बॅटरी’चे १,१५०. ५,८०० यूपीआयने घेतले. नाव आलं ते कुठल्याशा व्यक्तीचं, कंपनीचं नाही. १,१५० रोख. बिल व्हॉट्सअॅपवर येईल म्हणाला. आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात किल्ली पुन्हा मेली. पॉलिटेक्निकला शिकणारा भाचा घरी आलेला होता. लोखंडी किल्ली काढल्यावर तिथे जी खाच दिसते, तीत त्याने फडक्यात गुंडाळलेलं नाणं घालून हलकेच फिरवलं, किल्लीचे दोन भाग सुटले. आतल्या सेलवर ना कंपनीचं नाव, ना नंबर, वर ओरखडे. मल्टिमीटर लावला तर २.४ व्होल्ट. नव्या सेलला तीनच्या वर दाखवतो. म्हणजे १,१५० रुपयांत मला कुणाच्या तरी किल्लीतला वापरलेला सेल मिळाला होता.

सेल काढण्याआधी फोटो काढा, अधिकची बाजू वर होती की खाली ते त्यात कळतं. आमच्या किल्लीला सीआर २०३२ लागतो: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. आकड्यातच माप असतं. दुकानदार २०२५ देईल आणि ‘चालतो’ म्हणेल. घेऊ नका. तो २.५ मिलिमीटरचा, पातळ, हलतो आणि संपर्क तुटतो. काही गाड्यांना १६३२ लागतो, तेव्हा जुना सेल दुकानात सोबत न्या. किल्लीच्या आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवर बोट लावू नका. बदलल्यावर बहुतेक गाड्यांना कसलंही कोडिंग लागत नाही. आणि जुना सेल घरात पडू देऊ नका. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

पैसे गेले एवढ्यावरच भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण भाच्याने विचारलं, “मामा, कोडिंग करायचंच नव्हतं तर त्याने टॅब्लेट कशाला जोडला?” पोटात गोळा आला. जळगावला सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली. त्यांच्या मशीनवर गाडीत नोंदलेल्या किल्ल्या दिसल्या तीन. माझ्याकडे दोन आहेत. टॅब्लेट जोडून नोंदवलेली तिसरी कुणाकडे? त्याच्याकडे माझ्या आरसीचा फोटो आहे, त्यावर घरचा पत्ता आहे. सगळ्या किल्ल्या पुसून माझ्या दोनच परत नोंदवायला ३,००० आणि जीएसटी धरून ३,५४० रुपये लागले. एकूण १०,७८९.

तीन किल्ल्यांची नोंद दाखवणारा सर्व्हिस सेंटरचा कागद घेऊन पोलिसांकडे गेलो. गावच्या ठाण्यात म्हणाले, घडलं तिथे जा. तिथे गेलो तर साहेब विचारतात, “गाडी चोरीला गेली का? नाही ना? मग तक्रार कसली?” म्हणजे गाडी दारातून जाईपर्यंत मी थांबायचं! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द आडवी येत नाही. हे मी हवालदाराला मोबाइलवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, “कायदा आम्हाला शिकवू नका.” शेवटी साधा अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली तीही भांडल्यावर. बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकला म्हणून हात वर. गाडीच्या कंपनीला मेल केला, तर तो नंबर आमचा नाही, एवढंच उत्तर. तुमचा लोगो लावून कुणी माणसं लुटतोय आणि तुम्हाला एक ओळ लिहून मोकळं होता येतं? ज्याने फसवलं त्याला सगळे रस्ते माहीत, आणि कर भरणाऱ्या माणसाला या दारातून त्या दारात पाठवायचं!

फसवणूक कळली की त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे खात्यात असेपर्यंतच काही होऊ शकतं. ग्राहक तक्रारीसाठी १९१५. गाडीच्या सॉकेटला अनोळखी माणसाला काहीही जोडू देऊ नका, मग तो कितीही गोड अहिराणी बोलो. जोडलंच असेल तर आजच सर्व्हिस सेंटरमध्ये किल्ल्यांची संख्या तपासा. नंबर शोधायचा तर गाडीच्या पुस्तकातून घ्या. किल्ली पूर्वी लांबून चालायची आणि आता गाडीजवळ जावं लागतंय असं दिसलं, की सेल बदला.

तो नंबर अजून सुरू आहे. भाच्याने परवा लावून पाहिला, दुसरीच बाई, तेच २९९. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे सारखी तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र जाता येतं. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये ज्यांनी ‘कोडिंग’चे पैसे भरलेत त्यांनी यूपीआयची पावती, तारीख आणि ज्या नावावर पैसे गेले ते नाव जपून ठेवा आणि मला कळवा. माझ्या पावतीवरचंच नाव तुमच्याकडे निघालं, तर अर्ज एकत्र टाकू.